सीझेडटीएस सौर सेलचं व्होल्टेज पुन्हा पुन्हा पडतंय? रेसिपी बदलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. यातली एक-दोन जरी तुमच्या सेलमध्ये दिसत असतील तर पुढचं वाचा.

- एकाच काचेवरचे आठ-नऊ सेल मोजले की दोन बरे निघतात, बाकीचे मेलेले.
- मागच्या महिन्यात त्याच रेसिपीने चांगले सेल आले होते, आता ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे व्हीओसी, ३०० मिलिव्होल्टच्या वर जातच नाही.
- करंट-व्होल्टेज आलेख वळणदार यायचा तो जवळजवळ सरळ रेषा आलाय. पूर्ण सरळ रेषेचा फिल फॅक्टर (आलेख आयताच्या किती जवळ आहे त्याचं माप) बरोबर २५ टक्के असतो, तेव्हा २७-२८ दिसला की तो सेल नसून रेझिस्टर आहे असं समजा.
- करंट ठीक आहे, पण व्हीओसीच्या जवळ आलेखाला इंग्रजी एससारखा बाक आलाय.
- अ‍ॅनिलिंगनंतर (भट्टीत भाजल्यावर) फिल्मच्या कडेला करडी-पांढरट किनार दिसते, किंवा फिल्मवर फोड आलेत.

सीझेडटीएस म्हणजे तांबं, जस्त, कथील आणि गंधक यांचा पातळ थर. इंडियम, गॅलियम, टेल्युरियम या दुर्मीळ मूलद्रव्यांशिवाय पातळ थराचा सेल करायचा तर हा सरळ पर्याय. १९८८ मध्ये जपानमध्ये इटो आणि नाकाझावा यांनी यावर पहिल्यांदा फोटोव्होल्टाइक परिणाम दाखवला, तेव्हा व्हीओसी होतं १६५ मिलिव्होल्ट. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या गटाने शुद्ध सल्फाइड सेल ११ टक्के कार्यक्षमतेवर नेला, तिथे ते ७३० मिलिव्होल्टच्या आसपास होतं. साधारण १.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बँडगॅपच्या (बँडगॅप म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) पदार्थाकडून सैद्धांतिक अपेक्षा मात्र १.२ व्होल्टची आहे. ही मधली तूट साऱ्या जगाला छळते, ती तुमच्या माझ्या बाकावर मिटणार नाही. पण ७३० आणि ३०० यांच्यामधली तूट बहुतेक वेळा आपलीच करणी असते, आणि ती शोधता येते.

माझा अनुभव सांगते. नवीन मुलगा किंवा मुलगी लॅबमध्ये येते, व्होल्टेज पडतं, आणि पहिलं वाक्य असतं, "ताई, हे कॉपर-झिंकच्या अदलाबदलीमुळे होतंय." असेलही, ती अदलाबदल काय ते शेवटी बघू. पण दहातल्या आठ वेळा घोडं फार अलीकडे पेंड खात असतं.

मोजमाप

पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात, म्हणून हे आधी. सिलिकॉनचा कॅलिब्रेट केलेला संदर्भ सेल दिव्याखाली ठेवा आणि दिवा खरंच दर चौरस मीटरला १००० वॅट देतोय का ते बघा. मग सेलचं तापमान. दिवा अर्धा तास चालू, सेल धातूच्या ठोकळ्यावर, पंखा बंद: सेल सहज ४५ अंशांना पोचतो. या सेलचं व्हीओसी अंशामागे साधारण २ मिलिव्होल्ट घसरतं, म्हणजे २० अंशांना ४० मिलिव्होल्ट फुकटच गेले.

क्षेत्रफळ पट्टीने मोजू नका. ४ बाय ५ मिलिमीटरचा सेल ओरखडताना दोन्ही बाजू अर्ध्या मिलिमीटरने वाढल्या तर क्षेत्रफळ २० वरून २४.७५ चौरस मिलिमीटर होतं. करंट डेन्सिटीत जवळजवळ चोवीस टक्के चूक. याने व्होल्टेज बदलत नाही, पण कार्यक्षमतेचा आकडा फुगतो, आणि मग पुढच्या महिन्यात बरोबर मोजलं की "रेसिपी बिघडली" अशी हाकाटी होते.

प्रोब चार तारांचे वापरा. खालच्या मॉलिब्डेनमला, म्हणजे सेलच्या मागच्या बाजूच्या धातूच्या थराला, टेकताना वरचा थर ब्लेडने खरवडून, चकाकी दिसेपर्यंत साफ करा, कारण सल्फरमध्ये भाजल्यावर त्यावर सल्फाइडचा पापुद्रा असतो. तिथे इंडियम दाबून लावलं तर आणखी बरं. व्होल्टेज नीट येतंय पण फिल फॅक्टर पडलाय, अशा तक्रारीत मी सगळ्यात आधी ही टेकण्याची जागा बघते.

जाळीची चाचणी

ही मला फार आवडते, कारण यंत्र लागत नाही. दिवा आणि सेल यांच्यामध्ये तारेची बारीक जाळी धरा, प्रकाश सुमारे एक तृतीयांश होईल अशी. किती झाला ते शॉर्ट सर्किट करंटवरून कळतंच. आता व्हीओसी बघा.

निरोगी डायोडमध्ये व्हीओसी प्रकाशाच्या लॉगरिदमवर चालतं. आयडियालिटी फॅक्टर (डायोड आदर्शापासून किती दूर आहे तो आकडा) दीड ते दोन धरला तर प्रकाश एक तृतीयांश झाल्यावर ४० ते ५५ मिलिव्होल्टच कमी व्हायला हवेत. तेवढेच कमी झाले तर थरात कुठे गळती नाही, रिकॉम्बिनेशनचा, म्हणजे प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन बाहेर येण्याआधीच पुन्हा अडकण्याचा, प्रश्न आहे. पण ३०० वरून थेट १३० वर आलं तर शंट आहे. करंट डायोडला वळसा घालून आडवाटेने जातोय.

उलट बाजूनेही याचा उपयोग आहे. दिवा निम्मा झाला तरी व्हीओसी २५-३५ मिलिव्होल्टच पडतं. तेव्हा २०० मिलिव्होल्टची तूट "दिवा जुना झालाय" यावर ढकलता येत नाही. नवीन दिव्याची मागणी करण्याआधी एवढा हिशेब करा.

शंट असेल तर: सेल ओरखडा

अर्धा चौरस सेंटीमीटरचा मेलेला सेल घ्या आणि सुईने ओरखडून त्याचे चार करा. चारही मोजा. तीन जिवंत झाले आणि एक मेलेलाच राहिला तर दोष एका जागी आहे: पिनहोल, धूळ, चिमट्याचा ओरखडा. चारही सारखेच मेलेले असतील तर दोष सगळ्या थरात पसरलाय, आणि तिथे संशय पहिला कॉपर सल्फाइडवर घ्यायचा.

जागचा दोष असेल तर साधा ऑप्टिकल मायक्रोस्कोप पुरतो. काळ्या-करड्या फिल्ममध्ये मॉलिब्डेनमचे रुपेरी ठिपके ताऱ्यांसारखे चमकतात. ते दिसले की वरचा कॅडमियम सल्फाइडचा थर टाकण्याचीही घाई करू नका, ते सॅम्पल बाजूला ठेवा. स्पिन कोटिंग करत असाल तर ठिपक्यांचं मूळ बहुतेकदा द्रावणात न विरघळलेल्या कणांत किंवा थर फार भराभर वाळवण्यात असतं. द्रावण गाळा, हॉटप्लेटचा पहिला टप्पा सौम्य ठेवा. काच धुताना कंटाळा केला असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

फोड आणि पापुद्रे असतील तर चिकटपट्टी लावून ओढा. मॉलिब्डेनमच काचेवरून सुटून आलं तर दोष त्याच्या स्पटरिंगमध्ये (निर्वातात थर चढवण्याच्या पद्धतीत) आहे, तुमच्या सीझेडटीएसमध्ये नाही. एवढं कळायला मला पहिल्या वर्षी तीन महिने लागले होते.

वरचे थर

कॅडमियम सल्फाइडचा थर ५० ते ७० नॅनोमीटरचा, आणि तो केमिकल बाथमध्ये बसवतात. इथला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे अमोनियाची जुनी बाटली. उघडझाप होत राहिली की अमोनिया उडतो, बाथची क्षारता घसरते, थर पातळ आणि तुटक बसतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. बाथ आधी नितळ, मग फिकट पिवळा, मग गढूळ नारिंगी होतो. गढूळ झाल्यावरही सॅम्पल आत ठेवलं तर पृष्ठभागावर भुकटी बसते. आणि अ‍ॅनिलिंगनंतर सॅम्पल आठवडाभर कपाटात ठेवून मग बाथमध्ये घालायचं, हे करू नका.

एससारखा बाक दिसत असेल तर सगळ्यात वरच्या पारदर्शक झिंक ऑक्साइडच्या थराकडे बघा. प्रत्येक स्पटरिंगला सॅम्पलशेजारी साध्या काचेचा एक तुकडा ठेवत जा. आम्ही त्याला साक्षीदार म्हणतो. त्याचा शीट रेझिस्टन्स दर वेळी वहीत लिहा. शंभर ओहमच्या आत येणारा आकडा एके दिवशी काही हजारांवर गेला तर पुढचं संशोधन थांबवून टार्गेट आणि ऑक्सिजनची गळती तपासायची.

इथवर सगळं ठीक असेल तर जोडणीला, म्हणजे सीझेडटीएस आणि कॅडमियम सल्फाइड यांच्या सांध्याला, एकदा सौम्य भाजून बघा, २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान काही मिनिटं. शुद्ध सल्फाइडसाठी नायट्रोजनमध्ये. वर सांगितलेल्या ११ टक्क्यांच्या सेलमागे जोडणीवरची हीच उष्णता-प्रक्रिया होती. कॅडमियम आणि झिंक थोडे एकमेकांत मुरतात आणि सांध्यावरचं रिकॉम्बिनेशन कमी होतं. एकच सेल भाजा, सगळी बॅच नाही.

गुणोत्तर

चांगले सेल जवळजवळ नेहमी कॉपर कमी, झिंक जास्त अशा मिश्रणातून येतात. कॉपर भागिले झिंक अधिक टिन हे ०.७५ ते ०.९, आणि झिंक भागिले टिन १.१ ते १.३. कॉपरचं गुणोत्तर १ च्या वर गेलं की कॉपर सल्फाइड वेगळं पडतं, ते जवळजवळ धातूसारखं वाहतं, आणि चारही तुकडे मेलेले निघतात.

हे गुणोत्तर अ‍ॅनिलिंगनंतर मोजायचं. बाटलीत काय घातलं होतं ते सेलला माहीत नसतं. ईडीएक्स (एक्स-रेवरून मूलद्रव्यांचं प्रमाण काढण्याची पद्धत) वापरताना एक खाच लक्षात ठेवा: सल्फर आणि मॉलिब्डेनम यांच्या रेषा एकमेकींवर पडतात, त्यामुळे मॉलिब्डेनमवरच्या फिल्ममधला सल्फरचा आकडा विश्वासाचा नाही. सोडियम आणि झिंकच्या रेषांचंही तसंच. गुणोत्तर धातूंचंच काढा.

एक्सआरडीचा (एक्स-रे विवर्तनाचा) सुबक आलेख दाखवून "फेज शुद्ध आहे" म्हणणाऱ्यांना मी नेहमी रामनकडे, म्हणजे लेझर टाकून पदार्थ ओळखण्याच्या चाचणीकडे, पाठवते. सीझेडटीएस, झिंक सल्फाइड आणि घनाकार कॉपर-टिन-सल्फाइड यांची मुख्य शिखरं जवळजवळ एकाच जागी येतात, एक्सआरडी त्यांना वेगळं सांगू शकत नाही. रामनमध्ये सीझेडटीएसचं मोठं शिखर ३३८ प्रति सेंटीमीटरच्या आसपास, जोडीला २८७ चं. ४७५ जवळ काही उगवलं तर कॉपर सल्फाइड, ३१५ जवळ असेल तर टिन डायसल्फाइड. झिंक सल्फाइड हिरव्या लेझरखाली लपून बसतं, त्याला ३२५ नॅनोमीटरचा अतिनील लेझर लागतो.

भट्टी

आता खरी जागा. हे शेवटाकडे ठेवलंय ते बिघाड इथे कमी होतो म्हणून नाही. इथे एक प्रयोग म्हणजे एक दिवस आणि एक बॅच जाते, म्हणून.

साडेपाचशे अंशांच्या आसपास सीझेडटीएस स्वतःहून मोडतं. टिन सल्फाइड आणि सल्फर वाफ होऊन निघून जातात, मागे कॉपर सल्फाइड आणि झिंक सल्फाइड उरतं. ही प्रक्रिया उलटी फिरवायची तर भोवती सल्फर आणि टिन सल्फाइड या दोन्हींची वाफ पुरेशी हवी. बरेच जण सल्फर घालतात आणि टिन विसरतात. ती करडी किनार म्हणजे टिन गेल्याची सही. वाफ कडेकडून आधी निसटते, म्हणून किनार कडेलाच येते. सॅम्पल ज्या ग्राफाइटच्या बॉक्समध्ये भाजता त्यात सल्फरबरोबर टिन सल्फाइडची चिमूटभर पूड ठेवा आणि किनार जाते का बघा.

सल्फर पुरलं की नाही हे बघायला यंत्र नको. भट्टी थंड झाल्यावर ट्यूबच्या थंड टोकाला, आणि बॉक्सच्या झाकणाखाली, पिवळी रेघ दिसते का? झाकणाखाली काहीच नाही आणि ट्यूबच्या टोकाला जाड थर, म्हणजे सल्फर तापमान चढतानाच पळालं आणि सॅम्पल सर्वांत गरम होतं तेव्हा आत वाफ नव्हती. झाकण घट्ट करा किंवा चढण जलद करा. बॉक्स आधी आणि नंतर वजन करून वहीत लिहिणं आणखी चांगलं.

आमच्याकडचा एक किस्सा. सगळं सुरळीत होतं, आणि अचानक तीन आठवडे एकही सेल २५० मिलिव्होल्टच्या वर गेला नाही. द्रावण बदललं, काच बदलली, गुणोत्तर दोनदा फिरवलं. शेवटी वहीची पानं मागे उलटताना एक ओळ सापडली: "जुना ग्राफाइट बॉक्स तडकला, नवीन वापरला." ग्राफाइट सच्छिद्र असतं. कोरा बॉक्स पहिल्या काही फेऱ्यांत सल्फर स्वतःच पितो, सॅम्पलच्या वाट्याला कमी येतं. नवीन बॉक्सला सॅम्पलशिवाय, नुसतं सल्फर घालून चार वेळा भाजलं आणि पाचव्या फेरीला सेल परत आले. तेव्हापासून आमच्या बॉक्सवर खडूने फेऱ्यांचा आकडा असतो, आणि सेलेनियमचा बॉक्स सल्फरला कुणी वापरला तर त्याची खैर नसते.

तापमान डिस्प्लेवर वाचू नका. थर्मोकपल ट्यूबच्या बाहेर असतो, सॅम्पल ग्राफाइटच्या आत. दुसरा थर्मोकपल बॉक्समध्ये घालून एक रिकामी फेरी करा. हे शक्य नसेल तर फुकटचा थर्मामीटर तुमच्या हातातच आहे: सोडा-लाइम काच. ती साडेपाचशेच्या वर हळूहळू मऊ पडते. भाजलेलं सॅम्पल सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबा. हिंदकळलं तर काच वाकलीय, आणि भट्टी तुम्ही समजता त्याहून गरम आहे.

थंड करताना झाकण लवकर उघडू नका, वायूचा प्रवाहही वाढवू नका. सॅम्पल गरम असताना वाफ गेली तर पृष्ठभाग तिथेच मोडतो, आणि सांधा बसतो नेमका त्याच पृष्ठभागावर.

मागची बाजू

मॉलिब्डेनम निमूटपणे बसत नाही. ते सीझेडटीएसशी भिडून त्याला मोडतं आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड तयार करतं. पातळ थर चालतो, जाड झाला की सिरीज रेझिस्टन्स वाढतो, आणि सांध्यावर पोकळ्या राहतात. सॅम्पल तोडून सेममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) आडवा छेद बघा. पोकळ्यांची रांग दिसली तर अ‍ॅनिलिंगची वेळ कमी करा, नाहीतर मध्ये टायटॅनियम नायट्राइडचा काही नॅनोमीटरचा अडसर घालून बघा.

आणि शेवटी ती अदलाबदल

हे सगळं झाल्यावर. कॉपर आणि झिंकचे अणू आकाराने जवळपास सारखे, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी सहज बसतात. सुमारे २६० अंशांच्या खाली तास न् तास ठेवलं तर ते बरेचसे आपापल्या जागी परततात, बँडगॅप वाढतो, व्हीओसीही थोडं चढतं. पण बँडगॅप आणि व्हीओसी यांच्यातली तूट जवळजवळ तिथेच राहते. म्हणून यावर दोन महिने घालवण्याआधी विचार करा. टिनच्या जागचे खोल दोष हा मोठा संशयित आहे, आणि त्यासाठी कॉपरच्या जागी थोडी चांदी, टिनच्या जागी थोडं जर्मेनियम अशा वाटा लोक चोखाळतात. तो बिघाड दुरुस्त करण्याचा भाग नाही, तो स्वतंत्र प्रकल्प आहे.

इथे थांबा

कॉपर सल्फाइड काढायला पोटॅशियम सायनाइडचं द्रावण वापरतात असं तुम्ही वाचलं असेल. प्रशिक्षण, सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी आणि शेजारी दुसरं माणूस नसेल तर हात लावू नका. सायनाइड आणि अ‍ॅसिड एका फ्यूम हूडमध्ये कधीही नको, त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो.

झिंक सल्फाइड काढायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरता तेव्हा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास आला की काम सोडून बाहेर या. वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं धरू नका, हा वायू जास्त झाला की नाकच बधिर करतो. डिटेक्टर नसेल तर तो येईपर्यंत ही पायरी करू नका.

कॅडमियमचं सांडपाणी बेसिनमध्ये जात नाही, ते वेगळ्या डब्यात साठवून घातक कचरा उचलणाऱ्यांकडे द्यायचं. हायड्रॅझिनच्या द्रावणातून २०१३ मध्ये आयबीएमच्या गटाने सेलेनियम मिसळलेल्या सेलमधून १२.६ टक्के काढले हे खरं, पण हायड्रॅझिन विषारी आणि स्फोटक आहे, त्या सोयी नसलेल्या लॅबने त्या वाटेला जाऊ नये.

क्वार्ट्झ ट्यूबला तडा, टर्बो पंपाचा बदललेला आवाज, स्पटरिंगच्या आरएफ सप्लायमधून ठिणगी: यंत्र बंद करा आणि सर्व्हिस इंजिनियरला बोलवा. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असतात.

आणि वरचं सगळं करूनही सलग चार बॅच तशाच आल्या, गुणोत्तर बरोबर, रामन स्वच्छ, शंट नाही, साक्षीदार ठीक, तर पाचवी बॅच करू नका. कमी तापमानात व्हीओसी मोजण्याची आणि टीईएमची (आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची) सोय असलेल्या केंद्राकडे दोन सॅम्पल पाठवा: एक आत्ताचं मेलेलं, आणि एक जुन्या चांगल्या बॅचमधलं. जुनं चांगलं सॅम्पल डेसिकेटरमध्ये जपून ठेवलेलं नसेल तर पुढच्या चांगल्या बॅचपासून एक ठेवायला लागा. तुलनेला काही नसेल तर तिथल्या तज्ज्ञालाही फारसं सांगता येत नाही.